शिक्का-मोर्तबाचे कागद: मराठेशाहीतली राजपत्रं जमवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

काही लोक हा छंद नव्याने लावून घेतात, काही वर्षानुवर्षं जमवत असतात, आणि काहींना वाड्याच्या माळ्यावर अचानक मोडी कागदांचं गाठोडं सापडतं. अशा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वेगवेगळी वाचली तरी चालतील. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली मोडी कागदपत्रं सापडली आहेत. आधी काय करू?

घाई करू नका. त्या फडक्याला रुमाल म्हणतात आणि त्यात कागद कोणत्या क्रमाने बांधले आहेत हासुद्धा पुरावा असतो. एखाद्या पाटीलकीचा तंटा तीन पिढ्या चालला असेल, तर त्याचे महजर (सभेने साक्षींसह दिलेला निर्णय), निवाडपत्र (न्यायनिवाड्याचा कागद) आणि ताकीदपत्र (हुकमाचा कागद) एकाच पुडक्यात मिळतात. पुडकं विस्कटलं की तो धागा पुन्हा जुळवणं फार अवघड जातं.

रुमाल सोडण्याआधी फोटो काढा आणि सोडताना प्रत्येक पायरीवर काढा. पुडक्यांना नंबर द्या, पण वेगळ्या चिठ्ठीवर. कागदावर पेन लावू नका. घडी कडक झाली असेल तर जोर लावून उलगडू नका, कागद घडीवरच तुटतो. ओल्या फडक्याने पुसणं, उन्हात वाळवणं, इस्त्री फिरवणं यातलं काहीही नको. जुनी शाई काजळ आणि गोंदाची असते. शतकं लोटली तरी ती काळीभोर राहते, पण पाणी लागलं की पसरते.

२. शिवाजी महाराजांची सही असलेलं पत्र कसं ओळखायचं?

त्या काळच्या मराठी राजपत्रावर आजच्यासारखी सही नसते. पत्र कारकून लिहितो आणि राजाची संमती दोन ठशांनी दिसते. पहिला ठसा म्हणजे शिक्का, म्हणजे राजमुद्रा. दुसरा ठसा म्हणजे मोर्तब. तो मजकूर संपतो तिथे उमटवतात, म्हणजे त्याखाली कुणाला एक ओळही वाढवता येत नाही. महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे आणि मोर्तबात ‘मर्यादेयं विराजते’ हे शब्द आहेत. पत्राची मर्यादा इथे झाली, एवढंच ते सांगतात.

त्यामुळे कुणी ‘महाराजांच्या सहीचं पत्र’ म्हणून काही विकायला आणलं आणि खाली ‘शिवाजी’ असं वळणदार नाव दाखवलं, तर बोलणं तिथेच थांबवा. महाराजांच्या हस्ताक्षराचा सर्व अभ्यासकांना मान्य झालेला एकही नमुना आज आपल्याकडे नाही.

मोठ्या पत्रांवर पाठीमागे आणि कडेला आणखी खुणा असतात. सुरनीस (सचिव), मंत्री अशा अधिकाऱ्यांनी पत्र पाहिल्याचे शेरे, ‘रुजू’, ‘बार’ अशा दफ्तरात नोंद झाल्याच्या खुणा. कागदाचे तुकडे डकवून लांब केलेल्या पत्रात जोडावरही ठसा मारलेला सापडतो, मधला तुकडा बदलता येऊ नये म्हणून. या खुणा नवखा माणूस पाहतसुद्धा नाही. जाणकार मात्र कागद हातात घेतला की आधी उलटा करतो.

३. म्हणजे राजाच्या हातचं अक्षर मिळतच नाही का?

मिळतं, पण क्वचित. अशा अक्षराला दस्तुरखुद्द किंवा स्वदस्तूर म्हणतात. सगळ्यात नावाजलेलं उदाहरण संभाजी महाराजांच्या १६८० सालच्या दानपत्राचं आहे, कुडाळच्या बाकरेशास्त्रींना दिलेलं. मजकूर संस्कृत आहे आणि माथ्यावर महाराजांच्या हातची ओळ आहे: ‘मतं मे श्रीशिवराजपुत्रस्य श्रीशंभुराजछत्रपतेः यदत्रोपरिलेखितं’. वर लिहिलं आहे ते मला मान्य आहे, असं राजा स्वतः लिहून देतो. बापाचं नाव आधी, मग स्वतःचं. ही ओळ वाचताना मला दर वेळी भरून येतं.

पेशवाईत स्वदस्तुराचं प्रमाण वाढतं. कारकुनाने लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पेशवा स्वतः दोन ओळी घालतो आणि तिथे अक्षराचं वळण एकदम बदलतं. नाना फडणिसांचं अक्षर तर इतक्या कागदांवर आहे की मोडी वाचणारे ते लांबून ओळखतात.

४. आमच्या कागदाच्या शिक्क्यात ‘शाहू’ वाचता येतंय. म्हणजे हे शाहू महाराजांचं पत्र ना?

बहुधा नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव येतं आणि मग त्यांचं स्वतःचं. पहिल्या बाजीरावांचा शिक्का असा आहे: ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्यप्रधान’. ठसा अर्धवट उमटला असेल तर वरचं ‘शाहू’ तेवढं वाचता येतं आणि खालचा बाजीराव पुसट राहतो. अशा कागदाचं मोर्तब पाहा. तिथे ‘लेखनसीमा’ असेल तर पत्र पेशव्यांकडचं आहे.

याच्या पुढची फसगत ‘राजाराम’ या नावाची. १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, त्यानंतर पेशव्यांच्या शिक्क्यात ‘श्री राजाराम नरपति हर्षनिधान’ असं येऊ लागलं. हे राजाराम म्हणजे साताऱ्याचे रामराजे. जिंजीला जाऊन लढलेले आणि १७०० मध्ये वारलेले राजाराम महाराज ते नव्हेत. माधवराव पेशव्यांचा कागद ‘राजाराम महाराजांचा’ म्हणून साठ-सत्तर वर्षं जुना करून विकला जातो, कधी अजाणता आणि कधी जाणूनबुजून.

तिसरी फसगत याच्या उलट आहे. शाहू महाराजांचं जन्मनाव शिवाजी, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या मुद्रेत ‘शाहू’ हा शब्दच नाही. ती अशी आहे: ‘वर्धिष्णुर्विक्रमे विष्णोः सा मूर्तिरिव वामनी । शंभुसूनोरसौ मुद्रा शिवराजस्य राजते ॥’ ‘शिवराजस्य’ एवढंच वाचून लोक थोरल्या महाराजांचं पत्र सापडलं म्हणून पेढे वाटतात. थोरल्या महाराजांच्या मुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’ असं आहे. ‘शाहसूनोः’ की ‘शंभुसूनोः’ या एका शब्दावर सगळं ठरतं. दोन्हींची सुरुवातही सारखी वाटते: एकात ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः’, दुसऱ्यात ‘वर्धिष्णुर्विक्रमे’. म्हणून नुसतं ‘वर्धिष्णु’ वाचून काहीही ठरवू नका.

५. शिक्क्याच्या जागी हाताने गोल काढून आत मजकूर लिहिला आहे. हे बनावट आहे का?

नाही. ही नक्कल आहे आणि नक्कल म्हणजे फसवणूक नव्हे. मूळ सनद एका भावाकडे राहायची आणि बाकीच्यांना तिची प्रत लागायची. नक्कल करणारा कारकून शिक्क्याच्या जागी गोल किंवा चौकट काढून आतला मजकूर उतरवायचा, आणि मोर्तब कुठे होतं तेही लिहायचा. काही कागदांवर माथ्यालाच ‘नक्कल’ किंवा ‘तालीक’ असं लिहिलेलं असतं.

अस्सलाएवढी किंमत तिला येणार नाही. पण अस्सल हरवलं असेल तर इतिहासाच्या दृष्टीने नक्कल हेच एकमेव साधन उरतं. आपल्याला माहीत असलेली कितीतरी पत्रं नकलेच्या रूपातच वाचली आहेत.

६. पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलंय. हे कोणतं साल?

हे शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या दफ्तरातली एक कालगणना. आकडे अरबी शब्दांत लिहायचे, आधी एकं, मग दहं, शतकं आणि शेवटी हजार. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१.

शुहूर साल मृगाला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या तारखेसाठी ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेसाठी ६००. तुमचं पत्र हिवाळ्यातलं, जानेवारीनंतरचं असेल तर ते १७६१ चं, म्हणजे पानिपतच्या सालातलं. असा कागद हातात असेल तर आजच कुणा जाणकाराकडून वाचून घ्या.

एकं असे: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. अशर म्हणजे १०. पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मयातैन म्हणजे २००. कारकुनागणिक उच्चार आणि लेखन थोडं बदलतं. ‘छ’ हे अक्षर चंद्राची खूण आहे आणि त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. रांझ्याच्या पाटलाला शिक्षा सुनावणारं महाराजांचं पत्र ‘सीत अर्बैन अलफ’ सालातलं आहे, म्हणजे १०४६. त्याची तारीख जानेवारीतली, म्हणून त्यात ६०० मिळवायचे आणि साल येतं १६४६.

फसली सन (महसुली साल) दिसला तर दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवा, मृगाचा नियम तोच. राज्याभिषेक शक १६७४ मध्ये ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला सुरू झाला. महिना-तिथीवरून नेमका दिवस काढायला जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखांचा तक्ता, लागते. मोडक आणि खरे यांच्या जंत्र्या अजूनही वापरात आहेत.

७. दोन पुस्तकांत एकाच पत्राच्या तारखा दहा दिवसांनी वेगळ्या आहेत. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. एकाने जुनी, ज्युलियन तारीख दिली आहे आणि दुसऱ्याने आजची ग्रेगोरियन. इंग्रजांनी १७५२ मध्ये कालगणना बदलली. सतराव्या शतकात हा फरक १० दिवसांचा होता. ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीखसुद्धा जुन्या गणनेतली आहे. नोंद करताना कोणती पद्धत वापरली ते लिहून ठेवा.

८. बनावट कागद कसा ओळखायचा?

आधी मजकूर, मग शिक्का आणि शेवटी कागद, या क्रमाने जा. लोक कागदाचा पिवळेपणा पाहून सुरुवात करतात, पण कागद पिवळा करायला चहाचं पाणी पुरतं.

मजकुरात पहिली पारख मायन्याची. राज्याभिषेकाआधीच्या पत्रांची सुरुवात ‘अजरख्तखाने राजश्री सिवाजी राजे दामदौलतहू’ अशी फार्सी वळणाची असते. राज्याभिषेकानंतर ‘स्वस्तिश्री राज्याभिषेक शके’ आणि ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपति’ येतं. १६६० च्या पत्रात ‘शिवछत्रपति’ आलं तर ते पत्र त्या सालचं नाही. भाषाही पाहा. शिवकालीन पत्रात फार्सी शब्दांची दाटी असते. आजच्या भाषणासारखी शुद्ध, भारदस्त मराठी आणि जागोजाग ‘स्वराज्य’ दिसलं तर संशय घ्या. लिपी मोडीच असायला हवी. संस्कृत दानपत्रं सोडली तर देवनागरीतलं राजपत्र सहसा मिळत नाही.

शिक्क्याचा ठसा हाताने दाबलेला असतो, म्हणून एक बाजू गडद आणि एक पुसट येते. सगळीकडे सारखा, कोरीव आणि स्वच्छ ठसा बहुतेक वेळा छापील चित्रावरून केलेला असतो. बनवणारे अष्टकोन नीट काढतात आणि अक्षरांच्या वळणात चुकतात.

अक्षर बोरूचं असतं. बोरूची रेघ वळणावर जाड-बारीक होत जाते. टाकाच्या टोकदार निबाने कागदावर चरा पडतो आणि भिंगाखाली तो दिसतो. कागद हातकागद असायला हवा, जुन्नरी, दौलताबादी किंवा त्या जातीचा. उजेडासमोर धरल्यावर परदेशी कारखान्याची पाणखूण (वॉटरमार्क) दिसली तर शिवकालीन म्हणून दाखवलेल्या कागदाबद्दल संशय घ्या. नोटा तपासायची अतिनील टॉर्च स्वस्तात मिळते. तिच्या उजेडात आजचा कागद निळसर पांढरा चमकतो आणि जुना हातकागद मंद राहतो. पण ही खूण एकाच बाजूने उपयोगी आहे. कागद चमकला तर पत्र नक्की खोटं. चमकला नाही तर ते खरं ठरत नाही, कारण जुन्या चोपड्यांची कोरी पानं फाडून त्यांवर लिहिणारे लोक आहेत.

९. कागद दीडशे वर्षं जुना आहे हे नक्की. तरी तो खोटा असू शकतो?

हो, आणि हा प्रकार ओळखायला सगळ्यात कठीण. १८५२ च्या सुमारास इंग्रजांनी इनाम कमिशन नेमलं आणि ‘इनाम सिद्ध करा, नाहीतर जमीन खालसा’ असा बडगा उगारला. ज्यांच्या सनदा आगीत किंवा वाळवीत गेल्या होत्या, त्यांतल्या काहींनी नव्या तयार करून घेतल्या. काहींनी तर कधी नसलेल्या सनदाही तयार करवल्या. हे लिहिणारे पेशवाई पाहिलेले कसलेले कारकून होते. कागद जुना, शाई काजळाची, मोडी अस्सल वळणाची. उणीव असते ती फक्त दफ्तरी खुणांची, ज्यांचा उल्लेख प्रश्न २ मध्ये आहे. पत्र ज्या दिवशी निघालं म्हणतात त्या दिवशी तो अधिकारी त्या पदावर होता का, हेही पडताळायला हवं.

वतनांसाठी खोटे कागद मराठेशाहीतही होत. जुन्या निवाडपत्रांत ‘कागद कृत्रिम’ ठरवून दावा फेटाळल्याची उदाहरणं आहेत. एखाद्या घराण्याची अडचण आणि धास्ती अशा कागदात सापडते, म्हणून खोटा ठरला तरी तो फेकू नका. नोंदीत मात्र ‘संशयित’ असंच लिहा.

१०. कागदाच्या खाली शिक्का नाही, नांगर आणि इतर चित्रं काढली आहेत. हे काय?

तुमच्याकडे महजर असावा आणि तो कुठल्याही राजमुद्रेइतका मोलाचा आहे. गोतसभेत, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या सभेत, तंटा तुटला की जमलेले सगळे कागदावर आपली खूण करत. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. ‘निशाणी नांगराची’ असं शेजारी लिहिलेलंही असतं. लिहिता न येणाऱ्या माणसाने सत्तेच्या कागदावर स्वतःच्या धंद्याचं हत्यार काढून साक्ष दिलेली इथे दिसते. संग्राहक राजाचं नाव नाही म्हणून महजर बाजूला टाकतात, याची मला फार खंत वाटते. गावाचा इतिहास लिहायचा झाला तर हातात पडणारा पहिला कागद हाच असतो.

११. एक कागद फार्सीत आहे. तो मराठेशाहीचा कसा?

आदिलशाही, निजामशाही किंवा मुघल असू शकतो. दख्खनच्या देशमुख-देशपांडे घराण्यांकडे फार्सी फर्मानं असणं अगदी साहजिक आहे, कारण वतनं मराठेशाहीच्या आधीपासूनची होती. काही कागदांवर वर फार्सी आणि खाली मोडी मजकूर असतो. मुघल फर्मानाच्या माथ्यावर तुघ्रा, म्हणजे बादशहाचं नाव गुंफलेली नक्षीदार लेखनाकृती, आणि मुद्रा असते. क्वचित बादशहाच्या पंजाचा ठसाही असतो. हे काम मोडी वाचकाचं नाही. फार्सी दफ्तरी शिकस्त लिपी वाचणारा माणूस वेगळा शोधावा लागतो.

१२. विकत घ्यायचे असतील तर कुठे मिळतात? किंमत किती?

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, रद्दीवाले, नाणी-टपाल तिकिटांची प्रदर्शनं, परवानाधारक लिलाव. किमतीचा तक्ता मी देत नाही, कारण दर ठरवणाऱ्या गोष्टी कागदागणिक बदलतात. कोणाचा शिक्का, अस्सल की नक्कल, मजकूर पूर्ण की फाटका, घटना कोणती, आणि कागद आजवर कुणाकडे होता याचा माग लागतो का.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ‘हा कुठून आला?’ असं विचारल्यावर विकणारा गडबडला तर घेऊ नका. कागदावर दफ्तरखान्याचा किंवा ग्रंथालयाचा शिक्का, रुमाल क्रमांक, खोडलेली नोंद दिसली तर तो चोरीचा असू शकतो. अशा वेळी त्या संस्थेला कळवा.

आणि कृपा करून शिक्का कापलेला तुकडा विकत घेऊ नका. राजमुद्रा चौकटीत लावायला सुबक दिसते, म्हणून काही जण तेवढा भाग कापून विकतात आणि मजकूर रद्दीत जातो. आपण घेणं थांबवलं की कापणंही थांबेल.

१३. असे कागद घरात ठेवणं कायदेशीर आहे का? नोंदणी लागते का?

ठेवता येतात. पुरावस्तू आणि कलावस्तूंचा १९७२ चा केंद्रीय कायदा याला लागू होतो. तो अमलात आला १९७६ मध्ये. इतर वस्तूंना पुरावस्तू ठरायला १०० वर्षं लागतात. ऐतिहासिक मूल्य असलेल्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना मात्र ७५ वर्षं पुरतात. नोंदणी ठराविक प्रकारांनाच लागते. त्यात चित्रं किंवा सजावट असलेली हस्तलिखितं येतात. साधी मोडी पत्रं सहसा येत नाहीत, पण सोनेरी वेलबुट्टीचं फर्मान येऊ शकतं. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारा. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून विक्रेत्याकडे तो मागायला संकोचू नका आणि पावती घ्या.

१४. मी अमेरिकेत राहतो. आजोबांकडची सनद माझ्या घरी लावायला नेऊ का?

नाही नेता येणार. केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणा सोडली तर कुणालाच पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. ती स्वतःच्या घरची आहे आणि विकायची नाही, याने फरक पडत नाही. सामानातून नेली काय आणि कुरिअरने मागवली काय, गुन्हा तोच आणि त्याला कैदेची शिक्षा आहे. उत्तम स्कॅन करून मूळ आकारात हातकागदावर छापून घ्या. भिंतीवर लावायला तीच बरी, कारण अस्सल कागद उजेडात टांगणं तसंही चुकीचं आहे (प्रश्न १७).

१५. बडोद्याच्या सयाजीरावांच्या किंवा कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या सह्या जमवतो. त्यांनाही हेच नियम?

कायदा तोच, फक्त वय मोजा. संस्थानं १९४७ नंतर विलीन झाली, त्यामुळे त्या काळातली बहुतेक कागदपत्रं ७५ वर्षांच्या हिशेबात आली आहेत.

पारख मात्र वेगळी. इथे खरोखरची शाईची सही असते आणि फसवणूकही सहीचीच होते. स्वाक्षरी केलेल्या छायाचित्रावर भिंग धरा. सही बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर ती छापील आहे. रोजच्या पत्रांवर रबरी शिक्क्याची सहीही असते आणि चिटणिसाने ‘हुजूर आज्ञेवरून’ केलेलीही. तीच सही दहा कागदांवर तंतोतंत जुळली तर शिक्का समजा, कारण माणसाचा हात दर वेळी थोडा बदलतो.

१६. शेतात ताम्रपट सापडला. तो माझाच ना?

जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शिलाहार, राष्ट्रकूट, चालुक्य यांचे पत्रे एका कडीत ओवलेले असतात आणि कडीवर राजमुद्रा असते. शिलाहार आणि राष्ट्रकूटांच्या मुद्रेवर गरुड, चालुक्यांच्या मुद्रेवर वराह. ती कडी कापू नका आणि चिंच लावून घासू नका. काही ताम्रपटांत शेवटी ‘स्वहस्तोऽयं मम’ असे शब्द येतात, हा माझा स्वतःचा हात आहे, या अर्थाने. राजाच्या सहीचा इतका जुना माग आपल्याकडे ताम्रपटांतच लागतो.

१७. कागद टिकवायचा कसा? लॅमिनेशन करून घेऊ का?

लॅमिनेशन अजिबात नको. ते पुन्हा निघत नाही आणि आतला कागद वितळलेल्या प्लॅस्टिकला कायमचा चिकटतो. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. फाटलेल्या भागाची दुरुस्ती जाणकार संवर्धक पातळ जपानी कागद आणि खळ वापरून करतात. ती नंतर सोडवता येते.

आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, धुतलेल्या सुती रुमालात गुंडाळा आणि लोखंडी कपाटात ठेवा, पण खालच्या कप्प्यात नको. कपाट भिंतीला टेकवू नका, वाळवी तिथूनच येते. जुने लोक वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवत. ठेवायचा असेल तर पुरचुंडीत बांधून ठेवा, कागदाला पाला लागला की डाग पडतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने खरी परीक्षा असते. हवा दमट असताना रुमाल सोडूच नका. दिवाळीनंतर कोरड्या दिवसात सोडून कसर (कागद खाणारी कीड) आहे का ते पाहा.

१८. मोडी वाचून कोण देईल? स्वतः शिकता येईल का?

नक्की शिकता येईल, आणि संग्राहकाने शिकावंच. राज्याचा पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. छापील पुस्तकातली मोडी काही आठवड्यांत जमते, घसाट्याची पेशवेकालीन मोडी वाचायला चिकाटी लागते. सुरुवात एकोणिसाव्या शतकातल्या आंग्लकालीन कागदांपासून करा. मग पेशवाई, मग शिवकाल.

वाचून घेताना लिप्यंतर लेखी घ्या आणि न लागलेले शब्द ‘…’ करून सोडायला सांगा. सगळं लागलं म्हणणाऱ्यापेक्षा दोन शब्द लागले नाहीत म्हणणारा वाचक भरवशाचा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांना मोठी मागणी आहे, तेव्हा वाट पाहायची तयारी ठेवा.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी: तंजावरच्या सरस्वती महालात भोसले राजांच्या दरबाराचे मोडी कागद आहेत, आणि पणजीच्या पुराभिलेखागारातही मोडी दफ्तर आहे. त्या भागातला कागद असेल तर तिथे चौकशी करा.

१९. आमचं पत्र आधी कुठे छापलं गेलंय का, हे कसं कळेल?

शंभर वर्षांपूर्वी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे पायी हिंडून घराघरांतून कागद उतरवून घेत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड त्यातूनच निघाले, पहिला १८९८ मध्ये. पुढे शिवचरित्र साहित्याचे खंड निघाले आणि सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले ४५ खंड आले. गावाचं नाव आणि घराण्याचं आडनाव धरून या खंडांच्या सूची पाहा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात हे काम सोपं होतं.

छापलेलं सापडलं तर निराश होऊ नका. जुन्या छपाईत शिक्के, पाठीवरचे शेरे आणि न लागलेले शब्द गाळलेले असतात. अस्सल कागद तुमच्याकडे असेल तर ते सगळं आता भरून काढता येईल.

२०. सनदेत जमिनीचं इनाम आहे. ती दाखवून जमीन परत मिळेल का?

सहसा नाही. मुंबई राज्याने १९५० पासून एकामागून एक कायदे करून वतनं आणि जात (म्हणजे वैयक्तिक) इनामं खालसा केली. परगणा-कुलकर्णी वतनांचा कायदा १९५० चा, वैयक्तिक इनामांचा १९५२ चा. सनद खरी असली तरी तिच्यातला हक्क त्यानंतर त्या रूपात उरला नाही. देवस्थान इनामांचा प्रश्न वेगळा आणि गुंतागुंतीचा आहे, त्यासाठी महसूल कायदा जाणणारा वकील गाठा. सनदेवरून जमीन मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला मात्र अस्सल कागद कधीही देऊ नका.

२१. भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा सरकारी दफ्तरखान्याला दिलं तर आमचा हक्क जातो का?

तुम्ही काय लिहून देता त्यावर आहे. देणगी दिली तर मालकी जाते. नुसतं स्कॅन करायला दिलं तर अस्सल परत मिळतं आणि मजकूर अभ्यासकांना खुला होतो. काहीही देताना पानांची यादी दोन प्रतींत करून सही-शिक्क्यासह पोच घ्या, आणि देणाऱ्या घराण्याचं नाव नोंदीत राहील असं लिहून घ्या. माझं मत विचाराल तर निदान स्कॅन तरी द्याच. घराला आग लागू शकते, आणि एकच प्रत असलेला कागद जळला की त्यातली माणसंही गेली.

२२. आम्ही चार भाऊ. रुमालाची वाटणी कशी करायची?

वाटणी करू नका. राजमुद्रेचे दोन-तीन कागद थोरल्याला आणि बाकीची पुडकी इतरांना, अशी वाटणी बहुतेक घरांत होते आणि पुढच्या पिढीत ‘बाकीची’ पुडकी नाहीशी होतात. सनद का मिळाली, ती कुणी नाकारली, तंटा कसा मिटला, हे सगळं त्या बाकीच्या कागदांतच असतं.

रुमाल एका घरी अखंड ठेवा. सगळ्या कागदांचे दोन्ही बाजूंनी, पाठीवरच्या शेऱ्यांसह, निदान ४०० डीपीआयचे स्कॅन करा आणि चौघांना सारखे द्या. एक यादी करा: पुडक्याचा नंबर, कागदाचा प्रकार, तारीख, शिक्का, पहिली ओळ. यादीवर चौघांच्या सह्या घ्या. रुमाल कुणाकडे आहे, तो विकायचा झाला तर चौघांची संमती लागेल आणि सांभाळणं कुणालाच जमेना झालं तर कोणत्या संस्थेकडे द्यायचा, हे त्याच कागदावर लिहून ठेवा.

बहिणी असतील तर त्यांची नावंही त्या यादीत हवीत. वारसा कायद्याने त्यांचा हक्क आहेच. शिवाय सासरी गेलेल्या आत्या-बहिणींकडे जुन्या पेटीत एखादं हरवलेलं पुडकं निघाल्याचं अनेक जण कळवतात, म्हणून यादी पुरी झाली असं समजण्याआधी त्यांनाही विचारा.